जीपची भुणभुण

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. कारण एकच, जीप. ती घेतली तेव्हा फोटो टाकले होते आणि आमच्या निम्म्या नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला होता, "हे भंगार कशाला घेतलं?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो. घेतली तेव्हा ती भंगार नव्हती. भंगार मी केली, पदरचे पैसे घालून.

ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी मधले काही परिच्छेद गाळले तरी चालेल. पण शेवटपर्यंत या, कारण ही गोष्ट बाबांचीही आहे.

गाडी म्हणजे जुनी महिंद्रा एमएम ५४०. प्यूजोचं डिझेल इंजिन, चार गिअर, पुढे-मागे पाटे, वर कापडी छत. एसी सोडा, धड खिडक्यासुद्धा नाहीत. अशी गाडी या वयात घेण्याचं कारण बाबा. ते वनखात्यात ड्रायव्हर होते आणि त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं आलापल्ली ते भामरागड या रस्त्यावर गेली. मी जन्मलो तेव्हा तो सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. मी शाळेत जाऊ लागलो त्या सुमारास, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. बाबांच्या लेखी मात्र काही फरक पडला नाही. जंगल तेच, रस्ता तोच आणि जीपही तीच.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. सागाचं दाट जंगल, मध्ये पेरमिली, ताडगाव, मग हेमलकसा. बाबा आमटेंनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प तो इथलाच. पुढे पर्लकोटेचा पूल ओलांडला की भामरागड. तिथे इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की गाव तुटतं, ही बातमी तुम्ही दरवर्षी वाचत असालच.

निवृत्तीनंतर बाबा एकदाही तिकडे गेले नव्हते. "जायचं का?" विचारलं की "पाहू" म्हणायचे. मला वाटायचं, आता त्यांना साध्या गाडीत मजा वाटत नसेल. म्हणून जीप घेतली. जीपमधून भामरागडला नेऊन त्यांना चकित करायचं असा बेत होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मला इंटरनेटवर परदेशातल्या उंच उंच जीपा दिसल्या.

तर मी काय काय केलं? मागच्या-पुढच्या पाट्यांचे शॅकल लांब करून घेतले, एकेक पाटा वाढवला, मोठे टायर टाकले. गाडी चांगली वीतभर उंच झाली. एका अमेरिकन साइटवर वाचलं होतं की गाडी उंच केली की मागच्या पिनियनचं तोंड वर ट्रान्सफर केसकडे वळवावं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सरळ रेषेत येतो. म्हणून मागचा पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचरी बसवून घेतल्या. हे आमच्या मिस्त्रीला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं, याचा मला केवढा अभिमान! चार जणांना गाडीखाली वाकायला लावून त्या पाचरी दाखवल्या असतील मी.

आणि मग भुणभुण सुरू झाली.

चाळीसच्या खाली काही नाही. पंचेचाळीसला पायाखालच्या पत्र्याला मुंग्या यायच्या. पन्नासला गिअरचा दांडा थरथरायचा आणि आरशात मागची एक मोटारसायकल दोन दिसायची. पासष्टला पुन्हा जरा कमी. भरीला स्टिअरिंगही डुलायचं.

मी ज्याला विचारलं त्याने एक नवीन कारण सांगितलं आणि मी प्रत्येकाचं ऐकलं. टायर दोनदा बॅलन्स केले. इंजिनाची मांडणी, म्हणजे माउंटिंगचे रबर, बदलले. क्लच उघडला. शाफ्ट नागपूरला नेऊन बॅलन्स करून आणला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा सांधा असतो, त्याला आमच्याकडे क्रॉस म्हणतात. तो वरचा क्रॉस दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा दोन-अडीच हजार किलोमीटरमध्ये त्यातून लाल भुकटी गळायला लागली. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आजकाल मालच असा येऊन राह्यला." मला ते पटलं. दुसऱ्याच्या मालाला दोष द्यायला काय लागतं!

शेवटी म्हटलं, जुनी जीप आहे, थोडं थरथरणारच. दिवाळीनंतर एका रविवारी पहाटे बाबांना गाडीत बसवलं आणि निघालो. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. बाबा काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी उजवा तळहात डॅशबोर्डच्या पत्र्यावर ठेवला तो ठेवलाच. मला वाटलं, जुन्या आठवणीने हात फिरवत असतील. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला तरी हात तिथेच.

आलापल्लीला चहा प्यायलो. चहा संपल्यावर बाबा म्हणाले, "मी या गाडीत पुढे येत नाही."

मला आधी थट्टा वाटली. मग समजावून पाहिलं. मग मी चिडलो. एवढे पैसे, एवढे महिने, सगळं तुमच्यासाठी केलं, असलं सगळं बोलून गेलो, आणि तेही हॉटेलात लोकांसमोर. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुले ऐकू नाही येत का बाबू? गाडी सांगून राह्यली ना." एवढं बोलून ते समोरच्या चंद्रपूर एसटीत जाऊन बसले. पंचाहत्तरीतला माणूस. मी एकटाच जीप घेऊन परत आलो. त्या प्रवासाबद्दल लिहीत नाही.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाबा अंगणात जीपजवळ उकिडवे बसलेले. हातात गवंड्याचा ओळंबा. मला म्हणाले, "पोरीची कंपासपेटी आण. आणि आता एका वेळी एकच गोष्ट करायची. एक केली की चालवून पाहायचं, मग दुसरी."

एवढंच त्यांचं सगळं तंत्र. मी सहा महिन्यांत सहा गोष्टी केल्या होत्या, पण कधी दोन एकदम, कधी तीन एकदम. कशाने काय झालं हे मला सांगताच आलं नसतं.

पहिलं काम, चाकं धुणे. हसू नका. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे थर बसले होते. ते खरवडले, पाण्याने धुतले, चालवून पाहिलं. स्टिअरिंगचं डुलणं गेलं! भुणभुण राहिली. म्हणजे दोन दुखणी एकमेकांत मिसळली होती आणि मी दोन्हींना एक समजत होतो.

बाबा म्हणाले, "चाकाचा हिसका मोजता येतो. हे मोजता येत नाही, म्हणजे हे चाकाचं नाही." मी नंतर हिशोब केला. पन्नासच्या वेगाला आमचं चाक सेकंदाला साधारण सहा वेळा फिरतं. शाफ्ट त्याच्या जवळजवळ पाचपट, म्हणजे तीसदा. चाकात खोट असेल तर सेकंदाला सहा झटके बसतात, ते बुडाला कळतात. शाफ्टचं वजन एका बाजूला जास्त असेल तर तीस. आणि क्रॉसच्या कोनात खोट असेल तर एका फेरीत दोनदा, म्हणजे साठ. ते झटके राहत नाहीत, त्याची भुणभुण होते. बाबांच्या तळहाताला हे सगळं गणित न करता कळत होतं.

दुसरं काम. पन्नासला गाडी नेऊन न्यूट्रल केली आणि इंजिन नुसतं चालू ठेवलं. भुणभुण तशीच. मग तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये आणि चौथ्यात. तशीच. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. (त्यांच्यावर घातलेले पैसेही सुटले.) जे आहे ते गिअरबॉक्सच्या मागे.

तिसरं काम म्हणजे मागचा शाफ्टच काढायचा. मी म्हटलं, मग गाडी चालेल कशी? "पुढच्या चाकांवर." चाकांखाली दगड लावले, कारण मागचा शाफ्ट काढला की गिअरमध्ये उभी केलेली गाडीसुद्धा घरंगळू शकते. बोल्ट खोलले, शाफ्ट बाहेर घेतला, पुढच्या चाकांचा गिअर टाकला आणि निघालो. पंचेचाळीस... पन्नास... पंचावन्न. गाडी अशी गुपचूप चालली की मला टायरचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. आरशात एक मोटारसायकल एकच दिसत होती.

मी खूश झालो. बाबा काहीच बोलले नाहीत. परत आल्यावर अंगणात सतरंजी टाकून गाडीखाली शिरले, मीही शिरलो. तिथे शाफ्ट परत चढवताना त्यांनी ते सांगितलं. इतक्या वर्षांत आईलाही सांगितलेलं नसावं.

१९८६ ची दिवाळी होऊन गेली होती. पेरमिलीच्या पुढच्या एका गावात अस्वलाने एका माणसाला फाडलं. बाबा जीप घेऊन तिकडेच होते, म्हणून त्याला मागे झोपवलं आणि हेमलकशाच्या दवाखान्याकडे निघाले. तेव्हा बरेच नाले पाण्यातूनच ओलांडायचे. एका नाल्याचा चढ चढताना मागचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट खाली आपटला. अंधार पडत आलेला. बॅटरी धरायला त्या माणसाचा भाऊ. बाबांनी चाचपडत बोल्ट खोलले, शाफ्ट काढून झाडीत टाकला आणि पुढच्या चाकांवर गाडी ओढत नेली. यात दीड तास गेला.

"मग? तो?"

"जगला. एक डोळा गेला. तो अस्वलानेच काढला होता, उशिरामुळे नाही गेला. डॉक्टरांनी सांगितलं तसं." थोडा वेळ नुसता पान्याचा आवाज. "पण पंधरा दिवसांपासून भुणभुण येत होती मले. रोज म्हणत होतो, उद्या पाहू."

मी काय बोलणार? मी त्यांना आलापल्लीत, भर हॉटेलात, काय काय बोललो होतो.

आता पाचरींची गोष्ट. क्रॉसचा सांधा गमतीदार आहे. युरोपात त्याला सोळाव्या शतकातल्या कार्डानो नावाच्या इटालियन पंडिताचं नाव आहे आणि इंग्रजीत सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं. सांधा सरळ असेल तर दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. कोनात असेल तर पलीकडची बाजू एका फेरीत दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन १५ अंश असेल तर हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणून शाफ्टला दोन क्रॉस असतात. वरचा जे बिघडवतो ते खालचा निस्तरतो. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत आणि दोन्ही कोन सारखे हवेत. म्हणजे ट्रान्सफर केसमधून बाहेर येणारा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, मग शाफ्ट कितीही तिरका दिसो.

फोर्क पाहिले. शाफ्टवरच्या खुणा बरोबर जुळलेल्या होत्या. मग ओळंबा आणि पोरीचा कोनमापक. पहिलं माप चुकलं, कारण मी चेसिसखाली जॅक लावून गाडी उचलली होती. हाउसिंग खाली लोंबत होतं आणि कोन भलताच येत होता. बाबांनी गाडी खाली उतरवायला लावली. गाडीचं वजन चाकांवरच हवं, आणि जमीन सपाट हवी.

वरचा कोन १५. खालचा ४.

मी तीनदा मोजलं. वर पंधरा, खाली चार. वरचा क्रॉस पंधरा अंशांचा गोंधळ घालत होता आणि खालचा चार अंशांपुरताच निस्तरत होता. बाकीचा सगळा गोंधळ पत्र्यात, दांड्यात आणि बाबांच्या तळहातात. वरचे क्रॉस का मरत होते तेही कळलं.

त्या रात्री ती अमेरिकन साइट पुन्हा उघडली. पिनियनचं तोंड ट्रान्सफर केसकडे करा, हे बरोबरच लिहिलं होतं. पण त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं की हे वरच्या टोकाला जोडक्रॉस, म्हणजे शेजारी शेजारी दोन क्रॉस असलेल्या शाफ्टसाठी आहे. जोडक्रॉस आपला गोंधळ आपणच निस्तरतो, म्हणून खालचा कोन जवळपास शून्य लागतो. माझ्या शाफ्टला दोन्ही टोकांना साधे एकेरी क्रॉस. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

सहा महिने मी टायरवाल्याला, क्रॉसच्या मालाला, इंजिनाला, रस्त्याला आणि शेवटी गाडीच्या वयाला दोष दिला. त्या पाचरींकडे एकदाही संशयाने पाहिलं नाही, कारण त्या माझ्या होत्या. आणि लांब शॅकल्सनीही पिनियनचं नाक आणखी वर उचललं होतं. तीही हौस माझीच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. पाचरी काढल्या. शॅकल जुन्या मापाचे लावले, जास्तीचा पाटा काढला, टायरही मूळ मापाचे. तसंही गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट सांगितलं आहे. हेही मला आधी वाचता आलं असतं. नवा क्रॉस टाकला. कोन मोजले, वर १०, खाली ११. मिस्त्री म्हणाला, "काका, एकाचा फरक राह्यला." बाबा म्हणाले, "राहू दे. दाबलं की नाक वर येते." खरंच आहे. ऍक्सिलरेटर दिला की पाटे थोडे मुरगळतात, पिनियन वर उचलतं आणि कोन सारखे होतात.

पैसे किती लागले? आधी सहा महिन्यांत घातले त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी.

जानेवारीत पुन्हा निघालो. मी काही विचारलं नाही, बाबाच स्वेटर घालून गाडीत येऊन बसले होते. आलापल्लीला त्याच हॉटेलात चहा घेतला. मी तिथे त्यांची माफी मागणार होतो, शब्दही जुळवले होते. पण बाबा हॉटेलवाल्याशी जुन्या लाकूड डेपोच्या गप्पांत रमले आणि ते राहूनच गेलं. इथे लिहितो आहे, ते वाचतील.

पेरमिलीच्या पुढे त्यांनी एका ठिकाणी "थांबव" म्हटलं. खाली उतरले, इकडे तिकडे पाहिलं. नाला त्यांना नीट ओळखू आला की नाही कोण जाणे. पाच मिनिटांनी परत येऊन बसले, म्हणाले, "चाल." हेमलकशावरून गेलो, पर्लकोटेचा पूल ओलांडला आणि संगमावर जाऊन थांबलो. नदीचं पाणी उतरलेलं होतं, वाळू उघडी पडलेली. बाबांनी मला कुठली नदी कुठून येते ते दाखवलं, लहानपणी दाखवायचे तसं. मला माहीत होतं, तरी ऐकून घेतलं.

जाताना त्यांचा तळहात डॅशबोर्डवर होता. येताना ते झोपले. आलापल्लीपर्यंत झोपले होते.

असो. गाडी आता आधीपेक्षा बुटकी दिसते, फोटो टाकण्यासारखी राहिलेली नाही. परवा बाबांनीच विचारलं, "उन्हाळ्याच्या आधी एकदा जायचं का?" मी म्हटलं, "पाहू." ते हसले.

ता. क. : कोणाकडे अशी उंच केलेली जुनी जीप असेल तर आधी रिम धुवा, मग न्यूट्रल करून पाहा, मग शाफ्ट काढून पाहा, आणि कोन मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नका. क्रॉसमधून लाल भुकटी दिसली तर मात्र "उद्या पाहू" म्हणू नका.